‘सुरेल’ या शब्दाचे माप

कानाला बरे वाटणाऱ्या आवाजासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. गोड, मधुर, मंजुळ, सुस्वर, कर्णमधुर, सुरेल असे अर्धा डझन शब्द तर आपल्या जिभेवरच असतात. रोजच्या बोलण्यात आपण ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत घालतो. गायिकेचा गळा गोड, मुलाचे बोल मधुर, घंटा मंजुळ आणि संध्याकाळ सुरेल. कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेवर तर ‘सुरेल’ हा शब्द अत्तराच्या फायासारखा असतो, कोठेही लावला तरी चालतो. आमचे म्हणणे असे आहे की हा शब्द इतका स्वस्त नाही. वरच्या सगळ्या शब्दांत हा एकच शब्द असा आहे की तो खरा की खोटा हे तपासून पाहता येते. बाकीचे शब्द आवडीचे आहेत. हा मापाचा आहे.

कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने या विषयावर बोलावे याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. आम्ही इचलकरंजीचे. या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे साऱ्या गावाचा संसार मागावर चालू लागला. याच गावाचे नाव लावणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली आणि विष्णु दिगंबर पलुसकरांसारखा शिष्य तयार केला. म्हणजे मागाचा खडखडाट आणि सुराची साधना या दोन्ही गोष्टींवर आमच्या गावाचा हक्क आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे नगरवाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत झाले. तेव्हा येथे पांडित्य नाही. एक शब्द हातात घेऊन तो उलटसुलट करून पाहावा, एवढाच बेत आहे.

प्रथम शब्दाची घडण पाहू. संस्कृतातला ‘स्वर’ मराठीच्या तोंडी ‘सूर’ झाला. त्याला ‘एल’ हा प्रत्यय लागून ‘सुरेल’ तयार झाला. ज्याच्या अंगी रग तो रगेल, ज्याला रंगाढंगाची हौस तो रंगेल. तसे ज्यात सूर आहे ते सुरेल. ‘मधुर’ शब्दाच्या मुळाशी मध आहे, म्हणजे तो जिभेकडून कानाकडे आला. ‘गोड’ तर उघडच स्वयंपाकघरातून आला. ‘सुरेल’ मात्र जन्मापासून कानाचाच शब्द आहे, आणि त्याच्या पोटात सूर आहे. जेथे सूरच नाही तेथे तो शब्द जाऊ शकत नाही.

या कसोटीने चालले की शब्दांची आपसांतली वाटणी आपोआप होते. पैंजणांचा आवाज मंजुळ, ओढ्याचे पाणी खळाळते तेही मंजुळ. पण ओढा सुरेल वाहतो असे कोणी म्हणत नाही, कारण ओढ्याला ठरलेला सूर नाही. मंजुळपणात बारीकपणा आहे, हळुवारपणा आहे. नगारा कधी मंजुळ होत नाही. तान्ह्या मुलाचे बोल गोड असतात, ते सुरेल असण्याची अपेक्षाच नाही. आई अंगाई गाते ती पुष्कळदा सुराला सोडून असते, आणि तिच्या लेकराला तिच्याइतके गोड कोणी गात नाही. येथे गोडी प्रेमातून आली, सुरातून नव्हे.

उलट बाजूही पाहावी. शाहीर अमर शेख (१९१६–१९६९) यांचा आवाज पहाडी होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्या आवाजाने मैदाने हलवली. त्याला मंजुळ म्हणणे म्हणजे त्याची थट्टा होईल. पण तो आवाज सुरेल होता. दुसऱ्या टोकाला किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचा आवाज. तो बारीक, नाजूक, जणू कापसाच्या पेळूतून निघालेला धागा. दोन आवाजांत जमीनअस्मानाचे अंतर. पण एक शब्द दोघांनाही लागू पडतो, तो हाच. यावरून एवढे ठरले की सुरेल असण्याचा आवाजाच्या जातीशी, जाडीशी किंवा मृदुपणाशी संबंध नाही. मग कशाशी आहे?

याचे उत्तर शोधायला आम्हांला दूर जावे लागले नाही. इचलकरंजीहून मिरज तासाभराच्या वाटेवर आहे. तेथे पिढ्यान् पिढ्या तंबोरे आणि सतारी तयार होतात. पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हा धंदा हाती घेतला. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे मोठे कडू भोपळे आणून, वाळवून, कोरून त्यांचे तंबोरे करतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोरा जुळवताना कारागीर काय करतो हे ज्याने एकदा नीट ऐकले, त्याला ‘सुरेल’ या शब्दाची व्याख्या कोशात पाहावी लागत नाही.

तंबोऱ्याला बहुधा चार तारा असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, शेवटची खर्जाची. मधल्या दोन तारांना जोड म्हणतात; दोन्ही एकाच सुरात लागल्या पाहिजेत. समजा त्यातली एक सेकंदाला २४० वेळा कंप पावते (पुस्तकांत षड्ज सोयीसाठी एवढाच धरतात) आणि दुसरी २४२ वेळा. दोन्ही एकत्र छेडल्या तर कानाला दोन वेगळे आवाज ऐकू येत नाहीत. एकच आवाज ऐकू येतो, पण तो डोलतो, फुगतो आणि ओसरतो. हे सेकंदाला बरोबर दोन वेळा घडते, कारण २४० आणि २४२ यांत अंतर दोनाचे आहे. कारागीर खुंटी किंचित पिळतो. डोल मंदावतो. मग तो तारेतला मणी केसभर सरकवतो. डोल आणखी मंदावतो आणि एका क्षणी थांबतो. त्या क्षणी दोन तारा एक झालेल्या असतात. कारागिराला कंपनांचा आकडा ठाऊक नसतो, ठाऊक असण्याची गरजही नसते. डोल थांबला की नाही एवढेच त्याचा कान पाहतो. हे माप गजाने किंवा तराजूने घेतलेल्या मापाइतकेच पक्के आहे, आणि ज्याला कान आहे त्या कोणालाही ते पडताळता येते.

आता वेगवेगळ्या सुरांचे काय? षड्ज आणि गंधार यांची कंपने तर एक होऊच शकत नाहीत. तेथे निसर्गाने मोठी सोय केलेली आहे. कोणतीही तार छेडली की तिच्यातून एकच नाद निघत नाही. मूळ नादाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूक्ष्म नाद त्याच्या पोटात असतात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढतात, ती हे सूक्ष्म नाद फुलवण्यासाठीच. खर्जाच्या तारेतून कोणी न वाजवता ऐकू येणारा जो ‘स्वयंभू गंधार’, तो म्हणजे हा पाचपटीचा नाद होय. आता २४० च्या षड्जाची पाचपट १२०० झाली. गायकाने गंधार ३०० कंपनांचा लावला तर त्याची चौपटही १२०० च होते. दोन सुरांच्या पोटातले नाद एकमेकांना जाऊन बिलगतात, कोठे डोल उरत नाही. अशा गंधाराला आपण सुरेल म्हणतो.

हार्मोनियमच्या पेटीत मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. त्या हिशेबाने गंधार सुमारे ३०२.४ कंपनांवर येतो. फरक फक्त अडीच कंपनांचा; पण चौपट केली तर १२०९ हून थोडी जास्त, आणि षड्जाची पाचपट १२००. म्हणजे सेकंदाला नऊ-दहा झटके. तंबोऱ्यासोबत पेटीचा गंधार दाबून धरला की तो किंचित थरथरल्यासारखा वाटतो तो यामुळे. उलट पेटीचा पंचम ३५९.६ वर पडतो आणि खरा पंचम ३६० वर असतो; तेथे कानाला तक्रारीला फारशी जागा नाही. या श्रुतींच्या हिशेबासाठी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी पुष्कळ खटपट केली आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पुढे हा वाद इतका पेटला की १९४० साली नभोवाणीने हार्मोनियमला आपल्या केंद्रांवर मज्जाव केला. ही बंदी १९७१ पर्यंत राहिली, नंतर ती सैल झाली. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी ज्या पेटीवर श्रोत्यांस डोलायला लावले आणि जिच्या आधाराने आमची संगीत नाटके उभी राहिली, तिला नभोवाणीचे दार तीस वर्षे बंद होते. ही शिक्षा आम्हांला जास्त वाटते, कारण गरिबाच्या भजनी मंडळाला पेटीसारखा आधार दुसरा नाही. पण वादाचे मूळ मात्र खरे होते, आणि ते अडीच कंपनांचे होते.

भजनी मंडळाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गंमत सांगावी. भजनात टाळ आणि मृदंग शेजारी वाजतात. टाळांचा झणत्कार कितीही आनंद देवो, तो सुरेल म्हणता येत नाही. धातूच्या त्या जोडीतून निघणारे नाद एकमेकांच्या पटीत नसतात. साध्या चामड्याच्या ढोलाचेही तसेच. पण मृदंगाला आणि तबल्याला सूर असतो, तो गायकाच्या षड्जाशी जुळवता येतो. का? चामड्याच्या मध्यावर बसवलेल्या काळ्या शाईमुळे. या शाईच्या वजनाने चामड्याचे सूक्ष्म नाद मूळ नादाच्या पटीत येऊन बसतात. ही गोष्ट चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली जगापुढे मांडली. परंतु शाई बसवणाऱ्या कारागिराच्या हाताला ती त्यापूर्वी कित्येक शतके ठाऊक होती. श्रमाच्या हाताने शोध लावावा आणि ज्ञानाने मागून येऊन त्याचे कारण सांगावे, असे जगात पुष्कळदा घडले आहे.

एवढ्या विवेचनातून व्याख्या हाती येते. सुरेल हा एकट्या आवाजाचा गुण नाही. तो नात्याचा गुण आहे. एखादा सूर एकटाच वाजला तर तो बारीक-जाड, गोड-कर्कश काहीही असेल. तो सुरेल की बेसूर हे ठरवायला दुसरा सूर लागतो. तो दुसरा सूर म्हणजे सर्वांनी मान्य केलेला षड्ज. षड्ज कोठे धरावा याला बंधन नाही. बाई पांढरी चारमध्ये गाईल, बुवा काळी एकमध्ये गातील. पण एकदा धरला की तो सर्वांना सारखा, आणि गुरूलाही त्यातून सूट नाही.

जुन्या शास्त्रकारांना हे पूर्ण उमगले होते. यादवांच्या देवगिरीत, राजा सिंघणाच्या आश्रयाने, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात आवाजाच्या गुणांची यादी आहे. ‘मधुर’ हा त्यातला एक. गाणाऱ्याचे पंचवीस दोषही त्याने नोंदले आहेत. दात आवळून गाणारा, भीत भीत गाणारा, डोळे मिटून गाणारा, कावळ्यासारखा आवाज काढणारा अशी ती मजेदार मालिका आहे. तीत ‘विकल’ नावाचा एक दोष आहे. स्वराला त्याच्या हक्काच्या श्रुतींपेक्षा कमी किंवा जास्त देणारा तो विकल. कावळ्याचा आवाज हा एक दोष आणि माप चुकणे हा दुसरा, असे दोन्ही निरनिराळे मोजले आहेत. आपल्या मराठीतही सूर किंचित हलला तर ‘कणसूर’ आणि पुरता सुटला तर ‘बेसूर’ असे दोन शब्द आहेतच. आवाज घोगरा, भसाडा, चिरका असणे ही गोष्ट वेगळी.

त्याहून जुन्या भरताच्या नाट्यशास्त्रात स्वरांचे चार प्रकार सांगितले आहेत: वादी, संवादी, अनुवादी आणि विवादी. सप्तकाच्या बावीस श्रुतींपैकी नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असलेले दोन स्वर एकमेकांचे संवादी. हेच आजचे षड्ज-मध्यम आणि षड्ज-पंचम. ‘संवाद’ आणि ‘विवाद’ हे शब्द आम्ही वाटाघाटीच्या मेजावर रोज वापरतो. ते संगीतशास्त्राच्याही इतक्या जुन्या पोथीत भेटतात हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कारण संवादासाठी भरताने अंतर सांगितले आहे! दोन स्वर एकाच जागी असतील तर तेथे संवाद होत नाही, तेथे एकच स्वर असतो. संवादाला दोघे लागतात, दोघांच्या जागा वेगळ्या लागतात, आणि त्या जागांमधले अंतर नेमके असावे लागते.

आता या शब्दाच्या व्यवहाराकडे वळू. सुरावरून मराठीत किती बोलणी झाली आहेत पाहा. दोन माणसांचे सूर जुळतात. घरात कोणी रडका सूर लावतो. सभेत नाराजीचा सूर निघतो. फलंदाजाला सूर सापडतो. मोठ्या माणसाच्या मागे लोक री ओढतात. हा शेवटचा शब्दप्रयोग गाण्यात मागून साथ करणाऱ्यांवरून आला, आणि तो स्तुतीचा नाही हे सर्वांना ठाऊक आहे. पोवाड्यात झीलकरी असतो, तो शाहिराची ओळ उचलून धरतो. तेथे त्याची गरज असते. पण सगळेच झीलकरी झाले तर पोवाडा कोणी रचायचा?

फार वर्षांपूर्वी मजुरीवाढीच्या एका बैठकीत एका कारखानदाराने आम्हांला ऐकवले, “तुम्ही जरा आमच्या सुरात सूर मिसळा. मग बघा, सगळं कसं सुरेल होतं.” बैठकीतले सगळे हसले. आम्हीही हसलो, आणि म्हणालो, “शेठजी, तुमचा षड्ज तेवढा सांगा. धोटा किती फिरला, कापड किती निघालं, ते वहीत दाखवा. तो षड्ज दोघांचा. मग आम्ही आमचा पंचम लावतो.” वही काही त्या दिवशी आली नाही. पुढे धोटे बंद पडले तेव्हा आली. आमच्या मते त्या बैठकीतला बेसूर कोणता होता हे सांगायची आवश्यकता नाही. मागणी मोठ्या आवाजात केली म्हणून ती बेसूर होत नाही, आणि नकार हळू आवाजात दिला म्हणून तो सुरेल होत नाही. दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या हिशेबाशी कोणाचा सूर जुळतो एवढेच पाहायचे असते. हाच न्याय आम्ही स्वतःच्या संघटनेलाही लावतो. सभेत हात वर करणारे सगळे एकदम हात वर करू लागले की आम्हांला धडकी भरते. ती एकी असेलही. पण ती री असण्याचा संभव जास्त असतो.

येथपर्यंत शब्दाचा विचार झाला. आता ज्या कानावर हा सारा डोलारा उभा आहे त्याच्याविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय आम्हांला थांबता येणार नाही. ‘सुरेल’ हे मापाचे नाव आहे असे आम्ही म्हटले. पण हे माप घेणारा गज म्हणजे कान, आणि आमच्या गावात हजारो माणसांचा हा गज रोज थोडाथोडा झिजत आला आहे.

धोट्याच्या मागांच्या खात्यात आवाज साधारण ९५ ते १०० डेसिबल असतो. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा लाकडी धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटतो, आणि असे अनेक माग एका पत्र्याखाली चालतात. त्यात लय आहे. जुना कामगार लय चुकली की पाठ फिरवलेली असतानाही कोणता माग बिघडला हे ओळखतो. पण सूर नाही. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी नळी असते. तीत पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केसाळ पेशी असतात. आवाजाला मेंदूकडे पोचवण्याचे काम त्या करतात. वर्षानुवर्षे मार खाऊन त्या मरतात आणि मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. पाळी सुटल्यावर कानांत शिट्टी वाजत राहणे, घरी गेल्यावर मंडळींना दोनदा बोलावे लागणे, ही त्याची पहिली खूण.

आता येथे एक फसगत आहे, आणि ती याच शब्दाशी निगडित आहे. गोंगाटाचा पहिला घाव ४००० कंपनांच्या आसपासच्या नादांवर पडतो. माणसाचे गाणे बहुतेक त्याच्या पुष्कळ खाली, शंभरापासून हजार कंपनांच्या आत चालते. म्हणून ज्याच्या कानाला इजा झाली आहे तोही वर्षानुवर्षे भजनाला बसतो, तंबोरा जुळला की नाही सांगतो, कणसूर गाणाऱ्याला टोकतो. सूर त्याला नीट कळतो. त्याला कळेनासे होतात ते शब्द, कारण स, श, फ, थ यांसारखी व्यंजने त्या वरच्या नादांवर जगतात. स्वर उरतात आणि व्यंजने गळतात. “गाणं ऐकू येतं, पण काय म्हणतात ते समजत नाही,” असे सांगणारी माणसे आम्ही शेकड्याने पाहिली आहेत. त्यांतले बहुतेक म्हणत, “माझा कान एकदम सुरेल आहे, मला काही झालेलं नाही.” जोपर्यंत सूर कळतो तोपर्यंत कान शाबूत, हा समज खोटा आहे. घसरण पुढे खाली उतरू लागते तेव्हा सूरही जातो; आणि तेव्हा करण्यासारखे फार थोडे उरलेले असते.

या बाबतीत कायदा मुका नव्हता. १९४८ च्या कारखाना कायद्यातील अधिसूचित रोगांच्या यादीत गोंगाटाने येणारा बहिरेपणा होता. नियमांत ९० डेसिबलला आठ तास, ११५ डेसिबलला पाव तास अशी मर्यादा घातलेली होती. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टातही या बहिरेपणाला धंद्याचा रोग म्हणून जागा मिळाली. पण कारखाना कायदा लागू व्हायला विजेच्या कारखान्यात मुळात दहा कामगार लागत. म्हणून एकाच पत्र्याखालचे माग चार नावांवर वाटलेले आम्ही पाहिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी नव्या श्रमसंहिता आल्या आहेत. संहिता नव्या असोत की जुन्या, ज्या कामगाराच्या कानाची तपासणीच झाली नाही त्याच्या हाती दाव्यासाठी कागद कोठून येणार? बिनधोट्याचे नवे माग गावात येत आहेत, पण जुन्यांवर आयुष्य काढलेले कान तेच आहेत.

सारांश, शब्द वापरताना एवढा विवेक ठेवावा अशी आमची सूचना आहे. जेथे बारीक, हलका, खळाळता नाद असेल तेथे मंजुळ म्हणावे. जेथे माया असेल तेथे गोड म्हणावे. केवळ कानाला सुखवणाऱ्या सगळ्या गोष्टींसाठी मधुर आहेच. सुरेल हा शब्द मात्र जेथे एक मान्य षड्ज आहे आणि त्याच्याशी नेमके नाते जोडलेले आहे तेथेच खर्च करावा. मग तो गळ्याविषयी असो, मृदंगाविषयी असो की दोन माणसांच्या बोलण्याविषयी असो. संध्याकाळ सुरेल झाली असे म्हणण्यापूर्वी त्या संध्याकाळी सूर लागला होता का हे आठवून पाहावे.

आणि श्रोत्यांपैकी जे मागावर, लोहारकामात, छापखान्यात, पिठाच्या गिरणीत किंवा लाऊडस्पीकरच्या धंद्यात आहेत, किंवा ज्यांच्या घरचे तेथे आहेत, त्यांना आमची एक विनंती आहे. सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात कानाची तपासणी करून घ्यावी, तिचा आलेख मागून घ्यावा आणि रेशनकार्डाशेजारी जपून ठेवावा. त्या आलेखावर ४००० च्या खुणेपाशी रेघ खाली उतरलेली दिसली तर तो कागद घेऊन संघटनेच्या कचेरीत यावे. कचेरी संध्याकाळी सहानंतर उघडी असते.